केतकीच्या फाइलमधली सही

केतकीनं लिहिलेलं ओपिनियन मी तिसऱ्यांदा वाचत होतो, तेही त्यात चूक सापडावी म्हणून.

ओपिनियन म्हणजे वकिलाचं लेखी मत. आमचा क्लायंट नर्सिंगच्या आणि ट्रेड कोर्सच्या मुलांना फीसाठी लोन देतो. त्यासाठी पैसा उभा करायला बॉण्ड विकतो. कंपनीच्या सह्या कायद्यानं पक्क्या आहेत, असं आमचं पत्र मिळाल्याशिवाय बॉण्ड घेणारे पैसे सोडत नाहीत. या वेळी शुक्रवारपर्यंत फी पोचली नसती, तर मुलांची नावं कोर्समधून कमी झाली असती.

सिडनीच्या या ऑफिसात सात वर्षं हे काम मी करत होतो. केतकी पुण्याच्या कॉलेजात मला दोन वर्षं ज्युनियर, इथे आली तीही माझ्याच शिफारशीनं. तरी आमच्या पार्टनरनं, हेलननं, हे डील तिला दिलं आणि मला रिव्ह्यूला बसवलं. मी ‘नो वरीज’ म्हणालो. पोटात मात्र दुखायला लागलं होतं.

बुधवारी दुपारी मी कंपनीच्या सरकारी नोंदीचा ताजा उतारा काढला. कागदांवर दोन डिरेक्टर्सच्या सह्या मंगळवारच्या होत्या. त्यातल्या एकाचा राजीनामा सोमवारपासून लागू झाला होता. बिचारा जाता जाता मदत म्हणून सही करून गेला असावा. केतकीकडचा उतारा दहा दिवसांपूर्वीचा होता, त्यात तो अजून डिरेक्टर होता. म्हणजे सही बाद.

खरं सांगतो, मला आनंद झाला. केतकी चार टेबलं पलीकडे बसली होती. मी उतारा ड्रॉवरमध्ये ठेवला. गुरुवारी सेटलमेंटच्या, म्हणजे बॉण्डचे पैसे हाती पडण्याच्या आधी, सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं.

तसं सांगितलंही. केतकीचा चेहरा उतरला, पण तिनं सारवासारव केली नाही. चूक माझी, म्हणाली आणि तिसऱ्या डिरेक्टरला फोन लावला. त्याची सही चालली असती. पण तो पर्थच्या विमानात होता, फोन बंद. सेटलमेंट शुक्रवारवर गेली.

हेलननं माझा उतारा उचलला. त्यावर तो काढल्याची वेळ छापलेली असते.

“काल दुपारी सव्वादोन,” ती म्हणाली. “मग मला हे आज का कळतंय?”

मी पुन्हा तपासत होतो, असं काहीतरी पुटपुटलो.

पर्थला उतरल्यावर तिसऱ्या डिरेक्टरनं सही पाठवली आणि शुक्रवारी दुपारी फी पोचली. एकाही मुलाचं नाव गेलं नाही. संध्याकाळी लिफ्टपाशी केतकी भेटली.

“मंदार, बुधवारी आर्वोला, दुपारीच सांगायचंस ना. तो तिसरा डिरेक्टर तेव्हा इथे खालच्याच फ्लोअरवर मीटिंगला होता. मी पळत जाऊन सही आणली असती. जाऊ दे, कामात असशील तू.”

ती हे मनापासून म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचं डील क्लायंटनं केतकीकडेच मागितलं. रिव्ह्यूला हेलननं दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. दुसऱ्याची चूक एक रात्र आपल्याजवळ ठेवली, की सकाळी ती आपली झालेली असते.