पाचव्या ट्रॅकमधली खुर्ची

शुक्रवारी दुपारी बहरीनमध्ये, जनाबियातल्या आमच्या स्टुडिओत एक रेकॉर्डिंग शेवटच्या मिनिटाला बिघडलं.

काम एका खासगी गॅलरीचं होतं. प्राचीन ग्रीक महाकाव्यांतल्या स्त्रियांवरचं प्रदर्शन, आणि त्यासाठी बहरीनमध्ये राहणाऱ्यांच्या भाषांत ऑडिओ गाइड. मराठी आवाज फिलोमेनाचा. ती वसईची, इथे हॉस्पिटलात रिसेप्शनवर असते. नवरा अँटनी तेलाच्या जहाजावर फिटर. त्याचं कॉन्ट्रॅक्ट दोनदा वाढलं होतं. बदलीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, जहाजावर चढला की याला उतरता येतं. त्याला साइन-ऑफ म्हणतात. त्या दुपारी जहाज अमिरातीतल्या फुजैरा बंदराजवळून जाणार होतं; रिलीव्हर तिथेच चढायचा होता. किनारा दिसतो तेवढाच वेळ मोबाइलला रेंज असते.

बूथमध्ये मोबाइल नेता येत नाही. फिलोमेनानं तो माझ्या रेकॉर्डिंगच्या टेबलावर उभा ठेवला, काचेतून दिसेल असा.

"दादा, नजर ठेवा हां."

रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद ठेवावा लागतो. उकाड्यात चार ट्रॅक झाले: जिच्यावरून युद्ध पेटलं ती राणी, तटावरून नवऱ्याला निरोप देणारी, लुटीत वाटून दिलेली मुलगी, बेटावरची जादूगारीण. पाचवी वाट पाहणारी. नवरा समुद्रावर, ही घरी, वर्षानुवर्षं. तिथे काम अडलं.

प्रदर्शनाची आखणी मरियम मॅडमची. त्या बहरीनी; मराठी येत नाही, पण सूर ओळखतात.

"फार कोरडं वाचतेय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "काव्यात ही बाई सारखी रडते."

"मॅडम, वाट बघणारी दिवसभर रडत बसली तर घर कोण चालवणार? आणि लिहिणारा पुरुषच ना?" फिलोमेना बूथमधून म्हणाली.

"बहुतेक."

"तरीच. ही चार शब्द बोलायला खाली येते, तर पोटचा पोरगा सांगतो, वर जा, बोलणं पुरुषांचं काम. आणि ही जाते! माझा असता तर जेवायला नसतं वाढलं."

मरियम मॅडम हसल्या. "यल्ला, चल, तुझ्या पद्धतीनं वाच."

शेवटी नवरा परत येतो. बाई धावत जात नाही. लांब बसून पाहते, प्रश्न विचारून खात्री करून घेते. फिलोमेनानं ते एका टेकमध्ये वाचलं.

"हे मात्र बरोबर केलं तिनं," ती म्हणाली. "मीपण धावणार नाही. आधी विचारीन, होतास कुठे."

राहिला रूम टोन. वाक्यं जोडताना मधल्या जागांत त्याच खोलीची शांतता भरतात. नुसती पोकळी सोडली तर कानाला खड्डा लागतो. त्यासाठी मिनिटभर कुणी हलायचं नाही. बोलणारी व्यक्ती जागेवरच बसते.

रेकॉर्डिंग सुरू झालं. फिलोमेना हात मांडीवर ठेवून बसली. मिनिट संपायच्या आत मोबाइलची स्क्रीन उजळली. अँटनी.

खुर्ची मागे गेली, हेडफोन पडला, बूथचं दार उघडलं. मोबाइल घेऊन ती कॉरिडॉरमध्ये गेली.

"हॅलो... आधी सांग, रिलीव्हर चढला? ...अरे, मोठ्यानं बोल... अँटनी? हॅलो?"

ती परत आली. मोबाइल होता तिथेच उभा ठेवला.

"नाही चढला. मग लाइनच गेली." खुर्ची तिनं स्वतःच सरळ केली. "चला दादा, शांतता परत घेऊ."

रूम टोन पुन्हा घेतला. तो स्वच्छ आला. मरियम मॅडमनी दोन्ही ऐकले.

"पहिलाच ठेवा," त्या म्हणाल्या. "पाचव्याच्या शेवटी."

"त्यात खुर्ची आहे, मॅडम. दारही आहे."

"माहीत आहे. फिलोमेना, चालेल?"

फिलोमेनानं टेबलावरचा मोबाइल उचलला. "चालेल. मला एक कॉपी द्या."

प्रदर्शन सुरू आहे. पाचव्या ट्रॅकमध्ये शेवटच्या वाक्यानंतर थोडी शांतता आहे, मग खुर्ची सरकल्याचा आणि दार उघडल्याचा आवाज. फिलोमेनानं तो ट्रॅक अँटनीला व्हॉट्सअॅपवर पाठवला आहे. मेसेजवर अजून एकच टिक आहे.