विरोधातल्या दोन चिठ्ठ्या

हेर लांगर. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार या माणसाचे आहेत, म्हणून त्यांचं नाव आधी घेतो; हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

२०१३ साली मी पुण्याहून जर्मनीत, रेगेन्सबर्गला नोकरीसाठी आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. वडील उदगीरच्या मोंढ्यात हमाल. फोनवर माझं नाव ऐकलं की रिकामी घरं अचानक भाड्याने गेलेली असायची. हेर लांगरांनी नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि आपल्या घराच्या वरच्या मजल्याची किल्ली दिली. दर रविवारी ते माझ्याबरोबर बसून सरकारी पत्रं वाचायचे, पेन्सिलीने खुणा करत. मला माणसं भेटावीत म्हणून त्यांनीच मला त्यांच्या शुत्सेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात, नेलं. मी छऱ्याच्या बंदुकीने कागदावर नेम धरायचो. "श्वास सोड आधी," ते म्हणायचे, "घाई पुण्यात कर."

इथे बंदूक बाळगणं हा कुणाचा हक्क नाही. या माणसाला खेळासाठी ती लागते असं क्लबाने लिहून दिलं, तर परवाना मिळतो. आणि ती कपाटात नीट बंद आहे का, हे बघायला कचेरीची माणसं न सांगता घरी येतात. ती आली तेव्हा हेर लांगर दारात उभे राहिले आणि बाजूला झाले नाहीत. लहानपणी त्यांच्या घरात अशीच माणसं शिरली होती — वडिलांना घेऊन गेली होती.

"आल्झो, अविनाश," ते मला म्हणाले, "बंदूक परवान्याची, पण दार माझं. न्यायाधीशाचा कागद आणा आणि या. राज्यघटनेत लिहिलंय."

क्लबातले म्हणायचे, राज्यघटना काय एकट्या लांगरची आहे? शेजाऱ्यांनी निर्धास्त झोपायचं नाही? एकाने दार अडवलं की संशय सगळ्यांवर. मी दोन्हीकडे मान हलवायचो — जा, गेनाऊ, म्हणजे हो, अगदी बरोबर. जा, गेनाऊ.

शाळेत मूलभूत हक्क मला तोंडपाठ होते. गुरुजी उभं करून म्हणून घ्यायचे. पण हक्क एकट्या माणसाचा की सगळ्यांचा मिळून — हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही नाही.

मग क्लबाची सभा झाली. ठराव असा, की दार न उघडणाऱ्या सभासदाला काढून टाकायचं. क्लब गेला की परवाना जाणार, आणि हेर लांगरांच्या चाळीस वर्षांच्या शुक्रवार संध्याकाळीही. मत चिठ्ठीवर, गुप्त. अध्यक्ष माझ्याच विभागाचे प्रमुख होते आणि माझी नोकरी त्या महिन्यात कायम व्हायची होती. पण — हे सांगायलाच हवं — ते माझ्याकडे बघत नव्हते. कुणीच बघत नव्हतं. मी चिठ्ठीवर "हो" लिहिलं. काढून टाका.

मला सगळ्यांची बाजू पटली होती, असं म्हणू का? अर्धी पटलीही होती. पण लिहिताना ती डोक्यात नव्हती. डोक्यात फक्त ते नोकरीचं पत्र होतं.

ठरावाच्या विरोधात दोनच चिठ्ठ्या निघाल्या. एक त्यांची स्वतःची. दुसरी कुणाची, ते मला आजही माहीत नाही. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "दांके," एवढंच म्हणून त्यांनी आभार मानले. मी हात सोडवून घेतला नाही. तेव्हाच सांगायला किती वेळ लागला असता?

पुढच्या रविवारीही ते आले. नोकरी कायम झाल्याचं पत्र त्यांनीच मला वाचून समजावलं, पेन्सिलीने खुणा करत.

नंतर मी ड्रेस्डेनला गेलो. नाताळात त्यांचं पत्र आलं. बंदुका विकल्या, कपाटात आता जॅमच्या बाटल्या ठेवतो, त्या सभेत मी एकटा नव्हतो, हे आठवलं की बरं वाटतं, तुझे पुन्हा आभार — असं लिहिलं होतं. उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. त्यांनीच शिकवलेल्या जर्मनमध्ये लिहिलं, एकही चूक न करता.

"प्रिय हेर लांगर,
तुमचं पत्र मिळालं, फार आनंद झाला. जॅमची एक बाटली माझ्यासाठी ठेवा. आभार कसले मानता? ती दुसरी चिठ्ठी माझीच होती.
तुमचा,
अविनाश"