चांद्याच्या वेशीचा फोटो

माझ्या नवऱ्याच्या पुण्याच्या मामेभावाकडं कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्याहून त्याचा तोरा मोठा. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास आम्ही तिघं सिरोंच्याला निघालो होतो. वाटेत चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, धर्मशाळेत उतरलो. गोंडपिपरीहून माझी आई भेटायला आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. भाऊजी तुझा फोटो काढणार आहेत, असं मी तिला कळवलं होतं. तिचा जन्मात फोटो निघाला नव्हता. मला तो हवा होता, बस.

भाऊजींनी बैलाच्या शिंगांचा फोटो काढला, पानठेल्यापाशी स्वतःचा काढून घेतला. आईला सांगायचे, जरा थांबा. ती लुगडं सावरून दिवसभर थांबली. संध्याकाळी रोलात एकच फोटो उरला.

मी म्हटलं, "भाऊजी, हा आईचा काढा."

"वहिनी, म्हाताऱ्या माणसांचे फोटो कुठंही निघतात. चांदण्यातली वेस पुन्हा मिळायची नाही."

वा रे शहाणपण! वेस शेकडो वर्षं तिथंच उभी आहे, ती काय पळून जाणार होती? आई मात्र सकाळच्या मोटारीनं परत जायची होती.

दिवेलागणीनंतर स्वारीनं वेशीपुढं तिपाई मांडली आणि डब्यावर ओणवी झाली. आमच्याकडं अंधारात रस्त्यावर कुणी वाकलेला दिसला, की त्याचं काहीतरी पडलं असं धरतात, आणि शोधू लागल्याशिवाय पुढं जात नाहीत. आधी एक गाडीवान थांबला. "काय हरपलं जी, भाऊ?" मग भाजीवाल्या दोघी थांबल्या. भाऊजींनी सगळ्यांना हाकललं, कॅमेऱ्याची झडप उघडली आणि बजावलं, आता बराच वेळ समोर कुणी यायचं नाही.

तेवढ्यात आम्हाला उशीर का झाला ते बघायला आई कंदील घेऊन आली. ओणवे भाऊजी पाहिले आणि सरळ वेशीच्या कमानीखाली जाऊन, कंदील जमिनीशी धरून शोधू लागली.

"बाजूला व्हा हो, बाई!"

"राहू द्या जी, मी पाहून राह्यली. अंगठी होती का?"

मी मनात म्हटलं, येऊ दे तिला फोटोत.

दिवाळीला भाऊजींनी तो फोटो माझ्यापुढं टाकला. वेस स्वच्छ आली होती. तिच्या पायथ्याशी एक पांढरी वाकडीतिकडी रेघ, बाकी माणूस नाही. "हलणारं माणूस उमटत नाही, वहिनी, नुसता कंदिलाचा उजेड उमटतो. तुमच्या आईनं वाया घालवला."

मला त्यांचा संताप आला. अजूनही येतो. आई पुढच्या उन्हाळ्यात गेली, दुसरा फोटो कुणी काढलाच नाही. भाऊजींच्या बैठकीत बैलाची शिंगं चौकटीत बसली आहेत. शोभतात तिथं.

माझ्या भिंतीवर ती वेस आहे. येणारेजाणारे विचारतात, ही रेघ कशाची? मी सांगते, माझी आई आहे. त्या दीडशहाण्याचं काय हरपलं ते शोधून राह्यली.