निघोजेतली तुमची हक्काची खोली

मी पहिल्यांदा इकडं यायला निघाले, तेव्हा गेवराईच्या स्टँडवर एसटी सुटताना आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "तिथं कोणाचं मन मोडू नको बाई. लोकं नावं ठेवतेत." तब्येत जप, असं काही म्हणाली नाही. दादा, तू शेजारीच उभा होतास, म्हणून तुलाच लिहिते. माझ्यासारख्या इकडं येऊन घराची धर्मशाळा चालवणाऱ्या बायकांनीही खुशाल वाचावं.

चाकणला काम शोधायला गावातून जो निघाला, तो थेट चाकणशेजारच्या निघोजेत, आमच्या एका खोलीच्या दारात. 'चार दिवस' म्हणत आलेला तुझा मेहुणा दिवाळी करून गेला, वर माझ्या भाजीला चव नसते असं गावभर सांगत सुटला. मी हसून वाढत राहिले. मी कामाला जाते त्या कंपनीतही तेच. कुणाला सुट्टी हवी की त्याची शिफ्ट माझ्या गळ्यात. एकदा लाइनवरच चक्कर येऊन पडले, तेव्हा सुपरवायझरनं कंपनीच्या समुपदेशक मॅडमकडं पाठवलं.

वाटलं, काय करायचं ते ही बाई सांगेल. ती नुसती विचारत बसली. हो म्हटल्यावर काय बरं वाटतं? आणि काय खटकतं? माझं डोकंच फिरलं.

"नाही म्हणावं असं दहापैकी किती वाटतं?"

"तीन," मी तुटकपणे म्हणाले.

"तीन? मग एक का नाही?"

"कारण माझी पोरगी माझ्यासारखी व्हायला लागलीय."

तोंडातून निघूनच गेलं. आठवीतली समीक्षा पाहुण्यांना कॉट देऊन ओट्याखाली फरशीवर झोपते आणि कुणी विचारायच्या आत म्हणते, "चालेल मला." मॅडमनी सल्ला दिलाच नाही, माझंच वाक्य मला सावकाश परत ऐकवलं. मी रडले. तुम्हा सगळ्यांचा इतका राग याआधी कधी आला नव्हता.

त्याच आठवड्यात तुझा फोन. "सरपंचांचा भाचा येतोय तुझ्याकडं राहायला, मी शब्द दिलाय." माझ्या घराचा शब्द तू कसा देतोस? मी नाही म्हणाले. "लई वारं लागलं की तुला शहराचं," म्हणालास. तेव्हापासून आईनं बोलणं टाकलंय. टाकू दे.

परवा मीच समीक्षाला म्हणाले, संध्याकाळी शेजारच्या काकूंची पोरं सांभाळ, मी हो म्हटलंय.

"मला नाही जमणार. उद्या पेपर आहे. मला न विचारता तू हो का म्हणालीस?"

मी हात उगारला होता. मग खाली घेतला आणि तिचं ताट वाढलं. ती जेवत होती, मी तव्यावरून भाकरी देत राहिले. दादा, नाही म्हटल्यावरही जिथं ताटात गरम भाकरी पडते, त्याला मी आता घर म्हणते. तुमच्याकडं मला ते कधी मिळालं नाही.