एक रिकामा तोटा

लग्न होऊन मी दारव्ह्याहून घाटंजीकडच्या या गावात आले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर माझ्या शेवयांच्या यंत्राला जागाच नव्हती. तिथे आधीच एक लोखंडी चाप आवळून बसवलेला होता. तो सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा. बंदुकीचे वापरलेले पितळी तोटे ते घरीच पुन्हा भरत. तोट्याच्या बुडाची फुटलेली टोपी काढून नवी बसवायचा तो हा चाप. सोबत लाकडी मुठीचं दारूचं माप, हाताळून गुळगुळीत झालेली ठासणी, पुठ्ठ्याच्या चकत्या पाडायचा पंच आणि मेणाची वाटी. सगळं त्यांच्या वडिलांच्या वेळचं, आणि एकनळी बंदूकही तेव्हाचीच. परवाना पीक राखण्याचा, मामाजी आणि माझा नवरा दोघांच्या नावावर.

माझं डोकं फिरायचं. भरायच्या दिवशी घरात विस्तव नको म्हणून चूल मागच्या अंगणात न्यावी लागे. उन्हात भाकरी थापता थापता मी नवऱ्याला म्हणाले, "हे स्वयंपाकघर आहे की दारूगोळ्याचं कोठार?" तर म्हणतो कसा, "हळू बोल. मोजमाप चुकन त्याईचं."

कारण भरताना मामाजींशी कोणी बोलायचं नाही हा घरचा नियम होता. डाव्या हाताला एका पाटावर रिकामे तोटे, उजव्या हाताला दुसऱ्या पाटावर भरलेले. डावीकडचा उचलायचा, एक माप दारू, वर चकती, ठासणीने दाब, थोडे छर्रे, पुन्हा चकती, मेण, की उजवीकडे. ते मान वर करत नसत. त्यांना चहा विचारायचीही सोय नव्हती.

कपाशीचे ते वाईट दिवस होते. बोंडअळीवर रोज नवं औषध निघे, तरी अळी मरत नसे. जे वाचे ते रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं तुडवून जात. नवरा सांज व्हायच्या आधी बंदूक घेऊन शेतात जाई, मचाणावर बसे आणि जनावरं आली की हवेत बार काढी. मारायची बंदी होती, आणि मारायची हौसही त्याला नव्हती.

त्या दुपारी मामाजी भरायला बसले होते. अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माती आहे, चला." आमच्याकडे मातीची, म्हणजे अंत्ययात्रेची, हाक आली की हातातलं काम हातातच सोडून उठायचं असतं, उठायला उशीर लावणं अशुभ मानतात. त्या वर्षांत ही हाक इतकी येई की लोक 'कोण' विचारायच्या आधी 'कसं' विचारत. खालच्या मोहल्ल्यातला एक मजूर फवारा मारून घरी आला होता, तो ओकत ओकतच गेला होता. मामाजी हातातला तोटा खाली ठेवून तसेच निघाले. त्यांची सामग्री मी मुळीच हलवली नाही. तिला हात लावायची मला भीतीच वाटायची.

परत आल्यावर त्यांनी विहिरीवर अंघोळ केली आणि ओल्या केसांनीच पुन्हा बसले. चेहरा उतरलेला होता. शेवटी दारूचा डबा संपला आणि एक तोटा रिकामाच राहिला. "दुकानदारानं कमी देल्ली," ते पुटपुटले. नवऱ्याने भरलेले तोटे पट्ट्यात खोचले आणि सायकल काढून तो गेला.

मी चूल आत आणायच्या तयारीत होते. मामाजी माप पुसून ठेवत होते. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी मातीले गेलो तेव्हा हातातला तोटा कुठं ठेवला?"

"तुम्हीच डाव्या पाटावर ठेवला, मामाजी."

त्यांनी डाव्या पाटावरचा रिकामा तोटा उचलला. मग अगदी हळू म्हणाले, "त्यात दारू होती वं. आल्यावर त्याच्यातच आणखी एक माप गेलं. डबा कमी नोयता."

आजोबांच्या वेळची नळी, आतून झिजलेली. दुप्पट दारूने ती फाटली तर हातातच फाटणार, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. आम्ही चपला न घालताच निघालो. शेत नाल्यापलीकडे, हाक पोचणार नाही एवढं लांब. दिवस बुडत होता. रस्त्याने एक माणूस नाही, पाखरू नाही, दोन्हीकडे नुसती कपाशी. मामाजी पुढे, मी मागे. मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांना धाप लागलेली दिसत असूनही मी थांबा म्हटलं नाही.

नाला उतरलो आणि बार झाला.

मामाजी जागीच बसले. मी आवाजावरून काही कळतं का ते ऐकत उभी राहिले. काही कळलं नाही. दुसरा बार होईल म्हणून वाट पाहिली, तो झाला नाही. मग मी पळत सुटले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोचून नवऱ्याला हाक मारली.

"कायले आली तू इकडं?" मचाणावरून तोच बोलला.

तो खाली उतरला, उजवा खांदा चोळत होता, हसत होता. तेवढ्यात मामाजीही पोचले. "बाबा, आजचा तोटा लय जबर भरला तुमी. रोही पार बोरी अरब गावापर्यंत गेले असतीन."

मामाजींनी बंदूक उघडून पाहिली, पट्टा काढून घेतला आणि चालू लागले.

घरी आल्याबरोबर त्यांनी उरलेल्या प्रत्येक तोट्याचं मेण खरवडलं आणि दारू माप लावून पाहिली. सगळ्यांत एकेकच माप निघालं. मग त्यांनी बंदूक मांडीवर घेतली आणि नळीवरून अंगठा फिरवत नेला. एका जागी तो थांबला. त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं. लोखंड फुगलं होतं. अर्धी सुपारी आत अडकावी इतकंच.

नवऱ्याला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. तो रंगात आला होता. "अशे कळपानं आले बाबा," म्हणत त्याने ती रिकामी बंदूक उचलून खांद्याला लावली, बार कसा काढला ते दाखवायला. डाव्या हाताने नळी खालून धरली, आणि फुगलेली जागा दिसेनाशी झाली. ती अख्खी त्याच्या मुठीत होती.