सिनेमात नसलेलं वाक्य

महाडच्या एस.टी. स्टँडवर रघुवीर मास्तरांनी नाते गावच्या दोन गाड्या मुद्दाम सोडल्या. तिसरीही सोडली असती, पण जुन्या मित्राचा, हैबतीचा फोन आला, "रघू, टीवीसमोर बसलोय. तुझ्याबिगर चालू करनार नाय." मास्तर मुकाट्यानं गाडीत चढले.

आयुष्यभर त्यांनी पोरांना इंग्रजी शिकवलं, खोटं बोलणाऱ्यांना बाकावर उभं केलं. स्वतःचं एक खोटं मात्र पंचेचाळीस वर्षं पोटात दडवलं.

कॉलेजात असताना ते नाते गावच्या जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये काम करत. मालकानं कुठून तरी एक जुना इंग्रजी सिनेमा आणला होता, घोडे आणि बंदुकांचा. रघू पडद्याशेजारी माईक धरून बसे आणि बोलणं मराठीत सांगे. गोष्ट अगदीच फुसकी. पण तो नट! नुसता खांबाला टेकून उभा राहिला तरी बायका पोराला पाजायचं विसरत. शेवटी तो घोड्यावरून निघे, आणि म्हातारा फौजदार म्हणे, "याला घर नाही. हा परतायचा नाही."

मालकानं बजावलं होतं, लोक खुशीत गेले पाहिजेत. म्हणून रघूनं माईकवर सांगितलं, "जा बाळा घरी. आई वाट बघतेय तुझी."

त्या गर्दीत हैबती होता. बापाशी कडाक्याचं भांडून, पिशवी भरून, कायमचा मुंबईला निघालेला. सिनेमा सुटला आणि हा घरी परतला. शेती केली, तुळजाबाईशी संसार केला, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. भेटेल त्याला सांगे, "त्या घोडेवाल्यानं मला घरी आणला." आता त्याच्या नातीनं, अंकितानं, तोच सिनेमा मोबाइलवर शोधून टीव्हीला जोडला होता. खाली मराठी अक्षरांसकट!

तुळजाबाईंनी दिलेला चहा मास्तरांच्या हातातच गार झाला. आपल्या एका थापेवर या माणसाचं आख्खं आयुष्य वळलं, हे आज त्याला त्याच्याच घरात, बायको-नातीसमोर कळणार. शिव्या दिल्या तर बरं, पण गप्प बसला तर?

"लाइट जाते का गं अधूनमधून?" त्यांनी अंकिताला विचारलं.

"रोज जाते, आजोबा. आज कशी काय टिकली!"

नट घोड्यावर बसला. फौजदारानं तोंड उघडलं. अक्षरं उमटली. याला घर नाही. हा परतायचा नाही. अंकितानं चमकून हैबतीकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हैबती, मी खोटं सांगितलं होतं रे."

"मला तवाच ठाव होतं."

"काय?"

"त्याची नजर बघितली नं. घरी जानाऱ्याची नजर अशी नसते. माझीबी तशीच होती त्या दिवशी."

"मग परतलास कशाला?"

हैबतीनं टीव्ही बंद केला.

"आई वाट बघतेय म्हनलास, तवा माईकमदी तुझा आवाज फाटला. तुझी आई त्याच महिन्यात गेलेली, रघू. मी मनात म्हनलं, माझी तर अजून हाय."