आत्याच्या टाकीतला डावा कोपरा

पीथमपूरच्या शिफ्टच्या बसमध्ये बसलो होतो, तेवढ्यात देवासहून विनूदादाचा फोन आला. "भिया, आई गेली..." एवढंच म्हणाला. मी तसाच उतरलो आणि देवासची गाडी धरली.

त्याची आई, म्हणजे माझी कुमुदआत्या, शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला निघतात. हिनं बैठकीत माशांची टाकी मांडली आणि तिच्यात चक्क बाग लावली. सगळी हिरवीगार, फक्त डाव्या कोपऱ्यात, लाकडाच्या ओंडक्यामागं पाणी साचून राहायचं. गाळ तिथंच बसायचा, पानांवर काळं शेवाळ धरायचं. दुकानदार म्हणाला, मोठा पंप घ्या. आत्यानं त्याला वाटेला लावलं. मला म्हणाली, "जोर नको रे, पोच हवी. पंगतीत शेवटच्या माणसाला भात मिळाला नाही, तर काय मोठी पळी आणतोस? वाढणाऱ्याला वाट करून दे."

मग दर रविवारी मी धारहून जायचो आणि आमचा उद्योग चालायचा. माशांचं खाणं चिमूटभर चुरून ती पाण्यात सोडायची, आणि कण कुठं अडतात ते चष्मा काचेला टेकवून बघत बसायची. दाट झुडपं छाटली. पाणी सोडणाऱ्या नळीला मागच्या काचेलगत आडवी, भोकांची नळी जोडली. कोपरा काही हलेना. बाईही काही कमी हट्टी नव्हती. आता ओंडकाच पुढं घ्यायचा, तू रविवारी ये, असं फोनवर म्हणाली होती... तो रविवार तिला मिळाला नाही.

सुतकाच्या दिवसांत गरुडपुराण चालू असताना घरघर नको म्हणून कुणीतरी पंपच बंद केला. सकाळी पाहतो तर मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मला राग आला, आणि त्या रागातच मी रडलो. पंप सुरू केला, बटणावर चिकटपट्टी लावली. विनूदादा म्हणाला, "भिया, किसी को दे देते हैं. आता कोण बघणार हे?"

"मी बघीन," मी म्हटलं. "दर रविवारी येईन."

गेल्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून ओंडका पुढं घेतला. पाणी गढूळ झालं. ते निवळेपर्यंत चहा घेतला, मग मी चिमूटभर खाणं चुरून सोडलं. कण हळूहळू ओंडक्यामागं गेले, आणि थांबले नाहीत. कोपऱ्यातलं एक काळवंडलेलं पान हललं.

विनूदादा वाकून बघत होता, चष्मा काचेला टेकवून.

"पुढच्या रविवारी काय करायचं?" त्यानं विचारलं.

"काळी पानं छाटायची."